लोक हसू देत, तू माती चाळणं थांबवू नको

पत्र (थोडक्यात देतेय, ओळख पटंल असं सगळं काढून):

"ताई, नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातली, वय २५, एमएस्सी झूलॉजी झालंय. प्रोजेक्टला आमच्याच बांधावरची, लिंबाखालची माती आणून चाळली अन् मायक्रोस्कोपखाली माइट (बारके, आठ पायांचे जीव) बघितले, तेव्हापासून दुसरं काही सुचंना. त्यातच पीएचडी करायचीय. पण आमच्या भागात माइटवाला गाइड सापडंना. अप्पा म्हणायलेत किडे बघून पोट भरतं का. मामा म्हणतो बीएड कर. पुण्याचं एक स्थळ आलंय, मुलगा बरा वाटतो, पण त्याच्या आईनं बघायच्या कार्यक्रमात विचारलं, हे किड्याचं लग्नानंतर बी चालू राहणार का? सगळे हसले, मी पण हसले, रात्री मात्र लई रडले. मी वेडेपणा करायलेय का? एकटी बाई मातीसाठी कुठं कुठं हिंडणार? अन् अजून एक, माझं ड्रॉइंग कच्चं आहे, त्यानं अडतं का? – बांधावरची"

लेकरा, आधी उत्तर देऊन टाकते, मग बाकीचं बोलू. नाही, तू वेडेपणा करत नाहीयेस. माइट सोडू नकोस. फक्त घरात आत्ता जे चाललंय ना, पीएचडी का लग्न का बीएड, त्यात तू भलत्याच ठिकाणी जोर लावायलीस असं मला वाटतं. पीएचडी ही डिग्री आहे, ती दोन वर्षांनी मिळंल नाहीतर पाच वर्षांनी मिळंल. काम मात्र आत्तापासून तुझ्या नावावर जमा व्हायला पाहिजे, अन् त्याला कुणाची परवानगी लागत नाही, ना गाइडची ना होणाऱ्या सासूची. हे मी उगं धीर द्यायला बोलत नाही. असं काम आयुष्यभर केलेली एक बाई होऊन गेली, तिची हकीकत सांगते, मग तुझं तू ठरव.

मारी हामर तिचं नाव. डेन्मार्कची. जन्म १९०७ चा, गेली २००२ मध्ये, म्हणजे नव्वदी पार करून. कोपनहेगनला झूलॉजी शिकली अन् तिनं जे हातात घेतलं ते म्हणजे तुझेच माइट, मातीतले, शेवाळातले, पालापाचोळ्यातले, ज्यांना शास्त्रात ओरिबॅटिड म्हणतात. तू बघितलेत म्हणून तुला सांगायला नको, पण इतर वाचणाऱ्यांसाठी सांगते: अर्धा मिलिमीटरच्या आसपासचा जीव, काहीजण त्याहून लहान, काही एक मिलिमीटरपर्यंत, आठ पाय, पंख नाहीत, अंगावर कडक तपकिरी कवच, मायक्रोस्कोपखाली पॉलिश केलेल्या चिंचोक्यासारखं चमकतं. कुजलेली पानं अन् बुरशी खाऊन जगतो. कुणाला चावत नाही, पिकाला त्रास देत नाही. चालतो एकदम हळू, वाढतो हळू, अन् थंड प्रदेशात तर अंड्यातून मोठा व्हायला काही जातींना वर्षानुवर्षं लागतात. जगात याच्या दहा हजाराच्या वर जाती नोंदवलेल्या आहेत अन् जंगलातल्या एका चौरस मीटर मातीत हे हजारोंनी निघतात, कुठं कुठं लाखाच्या वर. म्हणजे आपण पाय ठेवतो तिथं हे असतात, पण कुणी बघत नाही.

तर मारीनं सुरुवात केली ती ग्रीनलंडपासून. तिथल्या पूर्व किनाऱ्यावरच्या आंग्माग्सालिक अन् मिकिस फ्योर्ड इथल्या मातीतल्या बारक्या जीवांवरचं तिचं काम १९३७ ला छापून आलं. मला त्यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की तिनं नुसती जातींची यादी नाही केली, कोण आहे हे पण बघितलं अन् किती आहेत हे पण मोजलं, कुठल्या प्रकारच्या जागेत कोणाची वस्ती हे मांडलं. पुढं ग्रीनलंडचे ओरिबॅटिड अन् त्यांच्याच बरोबर मातीत राहणारे स्प्रिंगटेल यांच्यावर तिचा डॉक्टरेटचा प्रबंध १९४४ मध्ये आला. साल बघ जरा. १९४० च्या एप्रिलपासून डेन्मार्क जर्मनीच्या ताब्यात होतं, ते १९४५ च्या मे पर्यंत. देश असा दुसऱ्याच्या बुटाखाली असताना ही बाई ग्रीनलंडच्या शेवाळातले माइट वेगळे करून त्यांचं वर्णन लिहीत होती. त्या काळात तिला पण कुणीतरी म्हणालंच असंल की आत्ता हे काय घेऊन बसलीस, पण काम पूर्ण झालं हे आपल्याला दिसतं.

अन् मग ती थांबलीच नाही. १९५२ ला उत्तर कॅनडाचे ओरिबॅटिड, १९५५ ला अलास्काचे. तिथून पार खाली दक्षिण अमेरिकेत, अँडीज डोंगररांगेत: १९५८ ला अर्जेंटिना अन् बोलिव्हिया, १९६१ ला पेरू, १९६२ ला चिली अन् पॅटागोनिया. मग न्यूझीलंडचे तीन भाग, १९६६, १९६७, १९६८. मग फिजी, ताहिती, टोंगा, सामोआ ही पॅसिफिकमधली बेटं. सहाराचा मधला भाग पण झाला. १९७७ ला पश्चिम पाकिस्तान, अन् त्यानंतर जावा अन् बाली, म्हणजे पंच्याहत्तरीपर्यंत हिचं चालूच. यातलं बरंचसं रॉयल डॅनिश अकॅडमीनं छापलं, जाड जाड भाग, अन् जवळजवळ सगळीकडं लेखक म्हणून एकटीचं नाव. तू विचारलंस ना, एकटी बाई मातीसाठी कुठं कुठं हिंडणार? हे बघ कुठं कुठं. मी असं म्हणत नाही की तुला अँडीजला जायचंय. पण "बाईला जमणार नाही" हे वाक्य कुणी तुझ्यासमोर टाकलं तर तुझ्याकडं नावासकट, सालासकट उत्तर पाहिजे म्हणून सांगितलं.

आता मुद्द्याचं. एवढं सगळं हिंडून तिनं काय मिळवलं? नवीन जाती तर ढिगानं मिळाल्याच. पण त्याहून मोठं काहीतरी निघालं, अन् ते एका जागेवरून कधीच निघालं नसतं.

आल्फ्रेड वेगेनर तुला शाळेच्या भूगोलात भेटला असंल. १९१२ मध्ये त्यानं मांडलं की खंडं एकेकाळी एकमेकांना चिकटलेली होती अन् नंतर सरकत लांब गेली. त्याच्या हयातीत बहुतेक भूगर्भवाल्यांनी ते उडवून लावलं. १९३० मध्ये ग्रीनलंडच्याच बर्फात तो वारला. समुद्राच्या तळाचे पुरावे येऊन लोकांना पटायला १९६० चं दशक उजाडलं. आता तू विचार कर, ज्याला पंख नाहीत, ज्याला धड पळता येत नाही, जो आपल्या ओलसर मातीतून बाहेर पडला की वाळून मरतो, असा जीव चिलीमध्ये पण सापडतो अन् त्याचेच सख्खे भाऊबंद न्यूझीलंडमध्ये पण सापडतात, मधे एवढा मोठा समुद्र. हा कसा गेला? काही माइट वाऱ्यानं जातात, पक्ष्याच्या पिसात बसून जातात, लाकडावर वाहत जातात, हे खरंच आहे, म्हणून एकाच जातीवरून काही सिद्ध होत नाही. पण खंडामागून खंड, यादीमागून यादी जुळवत गेलं की चित्र दिसायला लागतं. मारीनं ब्रिटनच्या जॉन वॉलवर्क या माइटवाल्या शास्त्रज्ञाबरोबर १९७९ मध्ये नेमकं हेच मांडलं, जगभरातल्या ओरिबॅटिडचा पसारा अन् खंडांचं सरकणं यांचा एकमेकांशी संबंध. वय तेव्हा ७२. अन् हे माइट आहेतच इतके जुने की त्यांचे अवशेष सदतीस कोटी वर्षांच्या वरचे मिळालेत, म्हणजे खंडं फुटायच्या कितीतरी आधीपासून हे मातीत होते, फुटलेल्या तुकड्यांवर बसून तेही गेले.

हे जमलं कशामुळं? माझं मत स्पष्ट आहे, हुशारीमुळं कमी अन् सारखेपणामुळं जास्त. ग्रीनलंडला जे बघितलं तेच अलास्कात बघितलं, तेच पेरूत, तेच न्यूझीलंडमध्ये. तोच जीव, त्याच प्रकारची जागा, शेवाळ, पाला, माती. मधेच कंटाळून फुलपाखरांकडं वळली नाही. चाळीस वर्षांच्या वर असं एकाच गोष्टीला धरून राहिल्यावर तुलना करायला हातात काहीतरी येतं, त्याआधी नुसत्या बाटल्या असतात.

आता तुझ्या बांधावर येऊ. तू ज्या काळ्या मातीत उभी आहेस ना, तिच्याखालचा दगड काय आहे? बेसॉल्ट. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा वर आला, थरावर थर पसरत गेला अन् आपल्या दख्खनचा मोठा भाग त्याच्याखाली गाडला गेला, त्याआधीची जमीन, जंगल, त्यातले जीव सगळं खाली. तेव्हा भारताचा तुकडा दक्षिणेकडून सुटून समुद्रातून वर सरकत होता, मादागास्करपासून तो साधारण ९ कोटी वर्षांपूर्वी सुटलेला, अन् आशियाला धडकला तो साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी. मग मला सांग, मराठवाड्याच्या बेसॉल्टवर आज जे ओरिबॅटिड आहेत ते कुठून आले? लाव्हा न पोचलेल्या दक्षिणेकडच्या, पूर्वेकडच्या जुन्या जमिनीवरून परत पसरले, का आशियाला जोडल्यावर उत्तरेकडून उतरले, का दोन्हीकडून? तुझ्या लिंबाखालच्या मातीत जे निघाले त्यांचे जवळचे नातेवाईक आफ्रिकेत आहेत का जावात? मारीनं जावा केलं, पश्चिम पाकिस्तान केलं, तिच्या याद्या अन् चित्रं उपलब्ध आहेत. मधला तुकडा तुझ्या पायाखाली आहे. तुला वाटतं गाइड नाही, लॅब नाही, आपण मागास भागात पडलो. मला वाटतं सॅम्पल जिथं आहे तिथं तू राहतेस, कोपनहेगनवालीला जे करायला जहाजानं यावं लागलं असतं ते तुला चपला घालून बांधावर जाऊन मिळतं. आधी कुणी आपल्या जिल्ह्यात काय काय नोंदवलंय ते मात्र नीट शोध, जुने पेपर, विद्यापीठातले प्रबंध, सगळं, नाहीतर केलेलंच परत करत बसशील.

अप्पांचं काय? अप्पा तुझे दुश्मन नाहीत. त्यांना पोटाची काळजी आहे अन् ती खरी आहे. त्यांच्याशी वेगेनरबद्दल बोलू नको, तुरीबद्दल बोल. तुरीचं एखादं झाड नुसतंच हिरवंगार, झुडपासारखं वाढत राहतं, पानं बारीक, पिवळसर चट्टे, फूल नाही की शेंग नाही, अप्पांनी बघितलंच असंल, त्याला वांझ रोग म्हणतात. तो रोग विषाणूचा, पण एका झाडावरून दुसऱ्यावर नेणारा कोण? एक माइट, असेरिया कजानी नावाचा, एक मिलिमीटरचा पाचवा भाग एवढा, डोळ्याला दिसतच नाही. बदनापूरच्या संशोधन केंद्राचं बीएसएमआर ७३६ हे वाण या वांझ रोगाला टक्कर देणारं आहे, शेतकऱ्यांनी ते उगं नाही पेरलं, कुणीतरी बसून रोग कशानं पसरतो हे शोधलं म्हणून तशी वाणं निवडता आली. मोसंबी असंल तर फळावर तो तपकिरी, खरबरीत मंगू पडतो अन् व्यापारी भाव पाडतो, तो पण माइटचाच उद्योग. वांग्यावरचा लाल कोळी, तोही माइटच. उन्हाळ्यात पानाखाली जाळी करतो अन् औषधं बदलून बदलून मारली तरी हटत नाही, कारण त्याच्यातल्या दोनठिपकी कोळ्यानं जगभरात ९० च्या वर कीटकनाशकांना दाद न देण्याची ताकद कमावलेली आहे. आईला सांगायचं असंल तर मिरगाचा किडा दाखव, पहिला पाऊस पडला की तो लाल मखमली जीव मातीतून वर येतो अन् लेकरं हातावर घेतात, त्याचे पाय मोजायला लाव तिला. आठ. तो पण तुझ्याच खात्यातला. घरच्यांना हे कधी कुणी सांगितलंच नाही, म्हणून ते किडे म्हणायलेत. तू ओरिबॅटिडच कर, त्यांचा पिकाशी थेट संबंध कमी आहे हे मान्य, पण माइट ओळखता येणारा माणूस दोन्हीकडं लागतो अन् असे लोक आपल्याकडं फार थोडे आहेत, हे अप्पांना कळंल असं सांग.

पैशाचं पण स्पष्ट बोलू, त्याशिवाय घरात तुझ्या शब्दाला वजन येणार नाही. लाइफ सायन्सेसची सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षा दे अन् जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, काढायचीच असा अभ्यास कर. जेआरएफला महिना ३७,००० रुपये आहेत, वर घरभाडं, अन् बायकांना वयात ५ वर्षांची सूट असते, म्हणजे २५ ला तुझं काहीही उशीर झालेलं नाही. त्याशिवाय तुझ्या प्रवर्गाप्रमाणं बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या पीएचडी फेलोशिप असतात, त्यांच्या जाहिराती कधी येतात ते बघत राहा, अर्धी पोरं तारीख गेल्यावर विचारतात. नेट निघंपर्यंत घरात पैशाची ओढ असंल तर बीएड कर की, मामाचं काही चूक नाही. ज्युनियर कॉलेजवर शिकवणारी बाई शनिवार-रविवार माती चाळू शकते. मला बीएडची भीती नाही वाटत, मला भीती वाटते ती बीएड झालं म्हणून माइट संपले असं तू स्वतःला सांगशील याची.

गाइडचं गणित थोडं वेगळं मांड. डिग्रीसाठी गाइड आपल्याच विद्यापीठातला, झूलॉजीचा किंवा कीटकशास्त्राचा, ज्याला मातीतल्या जीवांचं वावडं नाही असा. अन् जाती ओळखायला मदत बाहेरून. बंगळूरचं कृषी विद्यापीठ हे आपल्या देशात माइटच्या अभ्यासाचं जुनं ठाणं आहे, माइटचे अभ्यासक चन्नबसवण्णांनी तिथूनच वाढवलेलं, शेतीतल्या माइटचा देशभराचा प्रकल्प पण तिथूनच चालतो. अकॅरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया, म्हणजे माइटवाल्यांची संघटना, पण तिथलीच. कोलकात्याला झूलॉजिकल सर्व्हे आहे. त्यांना मेल कर. पण नुसतं "सर मला माइटची आवड आहे, मार्गदर्शन करा" असा मेल पाठवू नको, असल्या मेलला उत्तर द्यायला कुणाला वेळ नसतो. तुझ्या एका जागेचे बारा महिन्यांचे आकडे, चार चांगले फोटो अन् एक नेमका प्रश्न, एवढं असलं की उत्तर येण्याची शक्यता लई वाढते. म्हणून म्हणतेय काम आधी.

आता स्थळाचं. त्या आईनं विचारलेला प्रश्न मला वाईट नाही वाटला, हसणं वाईट वाटलं. प्रश्न तर सरळ आहे अन् तुला त्याचं सरळ उत्तर द्यायची संधी होती, अजून आहे. मुलाशी एकट्यानं बोल, फोनवर नको, समोर बसून. त्याला सांग की हे चालू राहणार आहे, त्यात घरात एक टेबल लागंल, मायक्रोस्कोप लागंल, वर्षातून काही दिवस मी माती आणायला गावोगाव जाईन, फ्रीजमध्ये नाही पण कपाटात बाटल्या असतील. अन् पीएचडी मिळाली तर यूजीसीच्या २०२२ च्या नियमाप्रमाणं तिला जास्तीत जास्त ६ वर्षं असतात, बायकांना त्यावर २ वर्षं वाढीव मिळू शकतात, बाळंतपण अन् लेकरू सांभाळायला पूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. हे त्याला माहीत पाहिजे अन् तुला तर त्याहून जास्त माहीत पाहिजे, कारण "लग्न झालं की शिक्षण संपलं" असं म्हणणाऱ्यांना हा नियमच माहीत नसतो. ऐकून तो काय करतो ते बघ. त्यानं प्रश्न विचारले, अगदी खर्चाचे, त्रासाचे सुद्धा, तर माणूस कामाचा आहे. तो "बघू नंतर" म्हणाला, तर ते नाही असंच धर अन् पुढं जा. तो "हो" म्हणाला अन् आई "नाही" म्हणाली, तर आईशी बोलायचं काम त्याचं आहे, तुझं नाही. लग्न मोडायचं म्हणून मोडू नको, पण हे लपवून लग्न करू नको, लपवलेलं काम पहिल्या सहा महिन्यांत माळ्यावर जातं.

बाकी कामाला लागायचं कसं ते सांगते, कारण तुझ्या पत्रात वेड आहे पण वही दिसत नाही. तीन जागा धर, जास्त नको. लिंबाखालची ती तुझी जागा, एक नांगरलेलं वावर, अन् गावात जुनी बारव असंल तर तिच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात जे मऊ हिरवं शेवाळ धरतं ते. बारवेवर पुरातत्त्व खात्याचा बोर्ड असंल तर हात लावू नको, अभयारण्यात तर वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पान पण उचलायचं नाही. प्रत्येक महिन्यात त्याच तारखेच्या आसपास, त्याच मापाचं सॅम्पल, म्हणजे एक पत्र्याचा डबा ठरव अन् कायम तोच वापर. नरसाळं, त्यात बारीक जाळी, जाळीवर माती किंवा शेवाळ, वर ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब, खाली ७० टक्के अल्कोहोलची बाटली. एलईडी लावशील तर नीट पडणार नाहीत, त्याला तेवढी उष्णता नसते. वरून वाळत आलं की जीव खाली सरकत सरकत बाटलीत पडतात. हीच युक्ती इटलीच्या बर्लेसेनं १९०५ मध्ये गरम पाण्याचं भांडं वापरून काढली होती, नंतर स्वीडनच्या टुलग्रेननं तिला बल्ब लावला, मातीतल्या जीवांवर काम करणारे आजही तेच करतात. आपल्याकडं मधेच लाइट जाते, तर किती वेळ गेली ते वहीत लिही, आकडा कमी आला तर कारण कळंल.

अन् लेबल. यावर मी जरा कडक बोलते. बाटलीच्या आत कागदाची चिठ्ठी, शिसपेन्सिलनं लिहिलेली, बॉलपेन अल्कोहोलमध्ये विरघळतं. त्यावर गाव, तालुका, अक्षांश-रेखांश (मोबाइलवर मिळतात), तारीख, काय गोळा केलं, कशाखालून, अन् गोळा करणारीचं पूर्ण नाव. तुझं नाव लिहायला लाजू नको. बाटलीच्या बाहेर चिकटवलेलं लेबल दोन पावसाळ्यांत पडतं अन् मग आतला माइट कितीही दुर्मिळ असला तरी त्याचा काही उपयोग राहत नाही. कुठला, कधीचा, कुणी धरला हे माहीत नसलेल्या माइटची तुलना कुणी कशाशी करणार? कॉलेजच्या एचओडींना भेट अन् आठवड्यातून अर्धा दिवस लॅबमध्ये बसायची लेखी परवानगी माग, माजी विद्यार्थिनीला सहसा नाही म्हणत नाहीत, फक्त मागावं लागतं.

राहिलं ड्रॉइंग. हो, अडतं. खोटं कामून सांगू, फोटो कितीही चांगला आला तरी माइटच्या कामात रेषेचं चित्र लागतंच, कारण फोटोत एका वेळी एकच पातळी फोकसमध्ये येते अन् जात ओळखायला सगळ्या पातळ्यांवरचं एकत्र दिसावं लागतं. पण यासाठी चित्रकार असायची गरज नाही, सवय लागते. मायक्रोस्कोपला लावायचा कॅमेरा ल्युसिडा मिळतो, त्यातून जीव अन् तुझा कागद एकत्र दिसतात, वरून गिरवायचं. कॉलेजच्या कपाटात एखादा धूळ खात पडलेला असतोच, विचार. तो मिळंपर्यंत लॅक्टिक ॲसिडमध्ये एक माइट काही दिवस ठेव, तो पारदर्शक होतो, मग खड्ड्याच्या स्लाइडवर घेऊन त्याच्या अंगाच्या पुढच्या भागावर दोन बारीक खड्डे दिसतील ते शोध. प्रत्येक खड्ड्यातून एक केस बाहेर आलेला असतो, काहींचा शेंडा फुगलेला, काहींचा सुईसारखा टोकदार, काहींचा फणीसारखा दातेरी. ओरिबॅटिड ओळखताना त्या केसाकडं आधी बघतात. पूर्ण माइट काढायच्या भानगडीत आत्ता पडू नको. तो केस काढ, डावा अन् उजवा दोन्ही, खाली स्केल टाक अन् तारीख घाल. दहा वेगवेगळ्या माइटचे असे केस काढून झाले की मला पाठव, मी ते बंगळूरला कुणाला दाखवता येतील ते बघते.